वर्गात दाखवायला फोटो आणि साहित्य नेटवर कसं शोधायचं

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादा तरी फोटो येतोच, "पाठाला उपयोगी पडेल" म्हणून, आपणही तो सेव्ह करतो, टीव्हीवर लावतो, मुलं बघतात, तास संपतो. पण एखाद्या पोराने विचारलं की सर हा कुठला फोटो, कुणी काढला, तर आपल्याकडे उत्तर नसतं. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या फोटोसोबत कुणी, कुठे, कधी हे लिहिलेलं नाही तो वर्गात आणायचाच नाही. कारण आपण दाखवलेलं मुलं खरं धरतात आणि घरी जाऊन आईला सांगतात.

दिवाळी आली की अंतराळातून दिसणाऱ्या भारताचा तो रंगीबेरंगी फोटो फिरतो बघा, "नासाने दिवाळीच्या रात्री काढलेला". तो दिवाळीचा नाहीच. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तो बनवलाय, पांढरे दिवे 1992 च्या आधीपासूनचे, निळे 1992 ला दिसलेले, हिरवे 1998 चे आणि लाल 2003 चे. नासाने 2012 मध्ये हे स्पष्ट केलं आणि खरा रात्रीचा फोटोही दिला, त्यात दिवाळीची रात्र इतर रात्रींसारखीच दिसते. आता गंमत अशी की खरी माहिती कळल्यावर हाच फोटो भूगोलाला सोन्यासारखा आहे, शहरं कशी वाढली, लाल ठिपके कुठे जास्त आहेत, यावर अख्खा तास होतो.

दुसरं, एआयची चित्रं. "मोराचं पिल्लू" म्हणून निळंशार, डोक्यावर तुरा आणि मागे इवलासा पिसारा असलेलं गोंडस पिल्लू नेटवर सगळीकडे दिसतं, ते एआयने बनवलेलं आहे. खरं पिल्लू तपकिरी असतं, साधारण कोंबडीच्या पिल्लासारखं. ज्या गावात मोर आहेत तिथल्या मुलांना हे माहीत असतं, बाकीच्यांना आपणच चुकीचं शिकवून बसतो. शंका आली की फोटोवर गूगल लेन्स लावा, तोच फोटो आणखी कुठे कुठे आहे हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

आता शोधायचं कसं. गूगल उघडायच्या आधी एक मिनिट थांबून ठरवा की फोटो दाखवून मुलांना विचारणार काय. "लोणार सरोवर" एवढंच टाकलं तर शेकडो फोटो येतील आणि त्यातला सगळ्यात चकचकीत आपण उचलू. पण प्रश्न जर "पाण्याचा रंग का बदलला" असा असेल तर एक फोटो पुरत नाही, दोन लागतात, आधीचा आणि नंतरचा. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हाचे उपग्रहाने टिपलेले दोन फोटो, एकात सरोवर हिरवं आणि एकात गुलाबी, नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरी साइटवर शेजारी शेजारी आहेत, खाली तारखेसकट. ते लावायचे आणि गप्प बसायचं, मुलांना बोलू द्यायचं. कुणी म्हणेल रंग टाकला, कुणी म्हणेल शेवाळ, मग सांगायचं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे, गुलाबी रंग तयार करणारे सूक्ष्मजीव वाढले, पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा हे कळलं. नासाचे बहुतेक फोटो कॉपीराइटशिवाय वापरता येतात, फक्त नाव द्यायचं.

प्राणी, पक्षी, झाडं, किल्ले, लेणी यांच्यासाठी मी पहिल्यांदा विकिमीडिया कॉमन्सवरच जाते. विकिपीडियावरचे बहुतेक फोटो जिथे साठवलेले असतात ती ही जागा, सगळं फुकट. मराठीत टाइप केलं तर थोडंच सापडतं, म्हणून युक्ती अशी. समजा शेकरू हवाय. आधी मराठी विकिपीडियावर शेकरूचं पान उघडा, उजवीकडच्या चौकटीत शास्त्रीय नाव असतं, रातुफा इंडिका, ते इंग्रजी अक्षरांत आहे तसं कॉपी करून कॉमन्सच्या सर्चमध्ये टाका. शास्त्रीय नावाने शोधलं की चुकीचा प्राणी येण्याची शक्यता खूप कमी होते. मग फोटोवर क्लिक करून त्याचं पूर्ण पान उघडा, नुसता मोठा करून स्क्रीनशॉट काढू नका. खाली वर्णन, तारीख, फोटोग्राफरचं नाव, बऱ्याच फोटोंना ठिकाणही असतं. ठिकाण बघाच, कारण शेकरूचा रंग भागाभागाप्रमाणे बदलतो, केरळातला शेकरू आणि भीमाशंकरचा शेकरू वेगळे दिसतात, आणि आपला राज्यप्राणी म्हणून दाखवायचा तर भीमाशंकरचाच शोधावा ना. डाउनलोडचं बटण दाबलं की साइज विचारतो, मूळ फाइल कधीकधी दहा एमबीची असते, टीव्हीसाठी मधली साइज भरपूर झाली. तिथेच नाव द्यायची ओळ तयार मिळते, ती कॉपी करून फोटोखाली चिकटवली की काम झालं.

हरियाल, ताम्हण, ब्लू मॉरमॉन फुलपाखरू, सगळं याच पद्धतीने मिळतं. आणि आपल्या तालुक्यात खरंच काय दिसतं ते बघायचं असेल तर आयनॅचरलिस्ट या साइटवर नकाशा झूम करा, लोकांनी काढलेले फोटो जागेसकट दिसतात, आपल्याच गावाजवळच्या ओढ्यावरचं फुलपाखरू दिसलं की मुलं उड्या मारतात. फक्त त्यातले बरेच फोटो विनाव्यावसायिक लायसन्सचे असतात, वर्गात दाखवायला काही अडचण नाही.

लायसन्सचं फार टेन्शन घेऊ नका पण अक्षरं ओळखता आली पाहिजेत. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे खुलं लायसन्स. सीसी बीवाय म्हणजे नाव द्या आणि वापरा, एसए असेल तर त्यावरून बनवलेलंही तसंच खुलं ठेवा, एनसी म्हणजे विकायचं नाही, एनडी म्हणजे बदल करायचा नाही, सीसी झीरो म्हणजे मोकळं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली शिकवताना केलेल्या वापराला सूट आहे, पण तोच तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला तर गोष्ट वेगळी होते, तिथे खुल्या लायसन्सचेच फोटो ठेवा. गूगल इमेजेसवरही टूल्समध्ये वापर हक्काचा फिल्टर आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा, तरी मूळ पान उघडून खात्री करा.

नकाशाच्या बाबतीत मात्र अजिबात सवलत नको. नेटवरच्या बाहेरच्या नकाशांत काश्मीरची सीमा वेगळी दाखवलेली असते, तो नकाशा वर्गात लागला तर उगाच प्रकरण होतं आणि मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साइटवरून भारताचे आणि राज्यांचे नकाशे फुकट उतरवता येतात, तेच वापरा. गाव वरून दाखवायचं तर इस्रोचं भुवन आहे, आणि गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये 1984 पासूनचे बदल दिसतात. नवी मुंबईवर झूम करून चालू करा, खाडीकाठी शहर कसं उगवत गेलं ते मुलं तोंड उघडं ठेवून बघतात.

स्थानिक इतिहासाला जुनी गॅझेटिअर्स, म्हणजे इंग्रजांच्या काळातली जिल्ह्यांच्या माहितीची पुस्तकं बघा, पुणे आणि सातारा जिल्ह्यांची 1885 ची आहेत, इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन मिळतात. शोधताना जुनी नावं आणि जुनी स्पेलिंगं वापरायची. रायगड जिल्हा म्हणून सापडणार नाही, कुलाबा शोधा, 1981 पर्यंत तेच नाव होतं. आपल्या गावचा बाजार, नदीवरचा घाट, किती घरं होती, असली माहिती निघाली की मुलांना पुस्तकातल्या इतिहासापेक्षा ती जास्त भिडते. इंग्रजीत आहे, वेळ लागतो, पण एक पान तरी मराठीत करून वाचून दाखवाच.

बाकीचं थोडक्यात. पुस्तकाच्या पीडीएफ ई-बालभारतीवर, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, काही मराठीतही आहेत, बॅटरी-बल्ब जोडून बघायचं सर्किट तर मुलं सोडत नाहीत. प्रयोगांची खेळणी आणि मराठी पुस्तकं अरविंद गुप्तांच्या साइटवर ढिगाने. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठी गोष्टी चित्रांसकट उतरवून प्रिंट काढता येते. एखाद्या विषयाची खात्रीची माहिती मराठीत हवी तर मराठी विश्वकोश, तोही ऑनलाइन आहे.

शाळेत नेट नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी नसतंच, तर सगळं आदल्या रात्री घरून पेन ड्राइव्हवर घ्यायचं. फेटची फाइल उतरवून ठेवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते, मराठी विकिपीडियाही किविक्स ॲपमध्ये ऑफलाइन ठेवता येतो. फाइलला नाव देताना आयएमजी आणि आकडे असं राहू देऊ नका. इयत्ता, घटक, काय आहे, कुणाचा फोटो, हे नावातच लिहा, पुढच्या वर्षी तो वर्ग दुसऱ्या मॅडमकडे गेला तरी त्यांना पहिल्यापासून शोधायला लागणार नाही. आणि जे कुठेच सापडत नाही, म्हणजे आपल्या गावचं मोट असलेली जुनी विहीर, जात्याचा खुंटा, पेरणीची तिफण, ते सरळ मोबाईलने स्वतः काढा, मुलांचे चेहरे येऊ न देता, आणि तारीख-गाव लिहून कॉमन्सवर टाका. तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायची वाटी, आणि नळ्या स्पष्ट दिसतील असा जवळून काढलेला फोटो फार कमी मिळतो, कुणाच्या घरी असेल तर यंदाच्या पेरणीच्या आतच काढून टाका.