बाळाचा मोतीबिंदू: या चुका टाळा

नागपुरात लहान मुलांचे चष्मे आणि पट्ट्या बघायचं काम करते, त्याच त्या चुका रोज समोर येतात, म्हणून लिहून टाकते.

सगळ्यात घातक म्हणजे "पिकू द्या, मग काढू". आजोबांचं चालतं हो, त्यांचा मेंदू बघायला केव्हाच शिकलाय. बाळाचा मेंदू पहिल्या काही आठवड्यांपासून शिकत असतो, तेव्हा स्पष्ट चित्रच आत गेलं नाही तर नंतर कितीही छान ऑपरेशन करा, नजर पूर्ण येत नाही. जन्मतःच दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर साधारण ४ ते ६ आठवड्यांत आणि दोन्हीत असेल तर ६ ते ८ आठवड्यांत ऑपरेशन व्हायला हवं, आणि आपल्याकडे सव्वा महिना बाळ घराबाहेरच काढत नाहीत! डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा आला, की त्याच आठवड्यात दाखवा. कधी कधी तो मोतीबिंदू नसून डोळ्याचा कॅन्सर निघतो.

मध, आईचं दूध, गुलाबपाणी डोळ्यात टाकू नका. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

"आत लेन्सच टाकली नाही" म्हणून भांडू नका. डोळा पहिली दोन वर्षं भराभर वाढतो, नंबर बदलत जातो, म्हणून ७ महिन्यांखाली बहुतेक वेळा जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच देतात. तो चष्मा झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत हवा, फक्त बाहेर जाताना नाही.

आता पट्टी. काटोलकडचं एक पोट्टं होतं, एकाच डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन वेळेत आणि उत्तम झालं. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे ऑपरेशनचा डोळा कामाला लागतो. पण मे महिन्यात घामानं पट्टी निघायची, बाळ रडायचं, आजीला बघवेना, मग हे लोक बाळ झोपल्यावर लावायला लागले! मिटलेल्या डोळ्यावर पट्टीचा काय उपयोग? पुढे तीही बंद. दिवाळीनंतर आले तेव्हा तो डोळा तिरळा झालेला, चांगला डोळा झाकला की खुळखुळ्याकडेही बघेना. एवढी मेहनत वाया गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

मी तर सगळ्यांना हेच सांगते, आंघोळ आणि दूध झालं की कोरड्या कातडीवर पट्टी लावा, कूलरसमोर खेळवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास लिहा. किती तास ते डॉक्टर ठरवतील. एका डोळ्याच्या केसमध्ये बाळ जितक्या महिन्यांचं तितके तास रोज, असं ८ महिन्यांपर्यंत बरेचदा सांगतात. दोन दिवसांत फरक विचारू नका, हे काम वर्षानुवर्षांचं आहे.

पैशांसाठी थांबू नका, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू बसतो, आशाताईंना विचारा. आणि ऑपरेशन झालं म्हणून तपासण्या सोडू नका, काचबिंदू, म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढून नजर जाण्याचा आजार, कित्येक वर्षांनीही होऊ शकतो, त्यामुळे डोळ्याचं प्रेशर आयुष्यभर तपासत राहायचं.