घरात फोन एकच: शाळा बंद असताना धडा कसा पाठवावा

सोलापुरात यंत्रमागावर जाणाऱ्या कितीतरी घरांत फोन एकच, तोही दिवसभर कामावर. म्हणून सकाळच्या थेट तासाचा हट्ट सोडा. व्हिडिओ करून संध्याकाळी ७ नंतर पाठवा.

चित्रणासाठी दोन सारखे उंच डबे, त्यांवर दोन पट्ट्या, पट्ट्यांवर फोन आडवा, मधल्या फटीतून कॅमेरा खाली वहीकडे. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून घ्या, नाहीतर अक्षरांवर सावली पडते. पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर, कारण कॉल आला की चित्रण तुटते. एका व्हिडिओत एकच गणित, ३ मिनिटे. मोठ्या फाइलला डेटा पुरत नाही.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात तिथे सूचना लिहू नका, बोलून पाठवा. आईला मराठी समजते, वाचता येईलच असे नाही.