स्कूटर ब्लेनी वाळत चाललाय? या चुका टाळा

सांगलीत खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे आम्ही बोटावर मोजण्याइतके. मासे येतात ते मुंबईहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत थर्माकोलच्या खोक्यातून. त्यातला हमखास भुलवणारा म्हणजे स्कूटर ब्लेनी. बोटाएवढा, चट्ट्यापट्ट्यांचा, खालच्या परांवर टेकत वाळूवरून सरकणारा.

पहिला घोळ नावातच. हा ब्लेनी नाही, ड्रॅगनेट आहे. रंगीबेरंगी मँडरीन माशाचा भाऊबंद. पश्चिम पॅसिफिकच्या उथळ किनाऱ्यावर, वाळूत आणि प्रवाळाच्या चुऱ्यात राहतो. बऱ्याच ब्लेनी शेवाळ खातात, म्हणून 'हा टँक साफ ठेवतो' असं सांगून मलाही तो विकला गेला. शेवाळ त्याचं खाणंच नाही.

माझा पहिला मासा सात आठवडे जगला. दिवसभर दगडावर, वाळूवर टोचे मारायचा. मी खूश. आई एकदा काचेपाशी वाकली आणि म्हणाली, "दिवसभर चरतंय की रे हे, मग वाळतंय कशानं?" जन्मभर म्हशी सांभाळलेली बाई, तिला कूस खोल गेलेली लगेच दिसली. मला दिसली नाही. टोचे मारणं म्हणजे खाणं नव्हे, शोधणं. तो शोधतो कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचवाले जीव. नव्या टँकमध्ये ते नसतातच, आणि जुन्या टँकमधलेही एकटा मासा फस्त करू शकतो.

म्हणून पोट वरून बघा. डोक्यामागं अंग निमुळतं झालंय, कण्याची धार दिसतेय, तर औषधाची बाटली शोधू नका. तांब्याचं औषध तर नकोच. ते उरलेसुरले कोपेपॉडही मारतं. या माशाच्या अंगावर खवले नसतात, चिकट थर असतो, त्यामुळं पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला तसाही कमीच होतो. मासा आणायच्या आधी टँक निदान सहा महिने मुरू द्या, कोपेपॉडसाठी प्रवाळाच्या चुऱ्याचा एक ढीग कोपऱ्यात ठेवा. आणलाच असेल तर आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी उबवा. खाऱ्या पाण्यात, हवेच्या नळीवर, साधारण 24 तासांत पिल्लं निघतात. ती ड्रॉपरनं माशाच्या तोंडासमोर सोडा, पण पंप बंद करून. मासा ती सारखी खायला लागला की त्याला बर्फात गोठवलेल्या खाण्यावर आणता येतं. मँडरीनपेक्षा हा लवकर वळतो.

आता पाणी. बोअरचं जड पाणी नको, आरओचंच घ्या, आणि मीठ टँकसाठी मिळतं तेच. खायचं किंवा सैंधव चालत नाही. पण खरी फसगत एप्रिलमध्ये होते. बाहेर चाळीस अंश, म्हणून आपण टँकवर पंखा लावतो. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. समजा 80 लिटरच्या टँकमध्ये लिटरला 35 ग्रॅम मीठ आहे आणि 10 लिटर पाणी उडालं. तिथं खारंच पाणी ओतलं की प्रमाण 39 च्या पुढं जातं. दोन-तीनदा असं झालं की संपलं. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणीच घाला.

जाळीनं पकडू नका. गालाजवळचे काटे जाळीत अडकतात. काचेचा पेला बरा. एका टँकमध्ये दोन नर नकोत, ते भांडतात. पाठीवरचा पहिला पर उंच झेंड्यासारखा असतो तो नर. सिक्सलाइन रॅससारखा कोपेपॉडच खाणारा भिडू तर मुळीच नको. लाइट जाते त्या रात्रीसाठी बॅटरीचा एअरपंप घरात असू द्या.

आणि हो, कुणी 'सोबत सीहॉर्स देतो, पाइपफिश देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्या सगळ्या कुळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

माझा दुसरा स्कूटर आता तिसऱ्या उन्हाळ्यात आहे. आई आली की अजूनही आधी त्याची कूस बघते.