अ‍ॅनिमनीचे दोन झाले? पुढच्या पंधरवड्यात या चुका टाळा

रात्री दिवा मालवताना खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक अ‍ॅनिमनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) होती, सकाळी दोन दिसल्या. बबल टिप जातीत हे नेहमीचं आहे: ती आडवी ताणली जाते, मधे बारीक होते आणि काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, फाटून तिचे दोन जीव होतात. फाटल्यामुळे मरणारे तुकडे थोडे. बहुतेक मरतात ते नंतरच्या आठवड्यात मालकाने टाकीत सारखा हात घातल्यामुळे.

आधी फाटलेली आणि मरणारी यातला फरक ओळखा. नुकत्याच फाटलेल्या तुकड्याची एक कड सोललेली दिसते, त्या बाजूला बोटं (तोंडाभोवतीचे लवचीक तंतू) नसतात, तोंड मधोमध नसून कडेला सरकलेलं आणि थोडं उघडं असतं. आतले पांढरे दोरे बाहेर दिसले तरी घाबरू नका. पाय (चिकटून बसायचा तळ) दगडाला घट्ट धरून असेल तर तुकडा जिवंत आहे. तोंडातून अधूनमधून तपकिरी चिकट दोरे निघाले तर ती विष्ठा आहे, आजार नव्हे. याउलट पाय सुटून ती प्रवाहात लोळत असेल, तोंड दिवसभर उलटं बाहेर आलं असेल, हात लावताच लिबलिबीत होऊन सुटत असेल आणि कुजक्या मासळीसारखा वास येत असेल, तर ती गेली. तिला तासाभरात बाहेर काढा. अमोनिया झपाट्याने वाढतो आणि मासेही जातात. मग २० ते २५ टक्के पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन ठेवा.

लगेच खायला घालणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जखमी आहे, ताकद यावी म्हणून कोळंबी भरवली जाते. पण फाटताना तिची पोटाची पोकळीही फाटलेली असते आणि तोंड नीट मिटत नाही. आत गेलेला घास पचायच्या आधी कुजतो. पहिले सात ते दहा दिवस काही घालू नका. अंगातल्या शैवालाला उजेड मिळाला की तेवढ्यावर तिचं भागतं.

तोंड पूर्ण मिटलं आणि बोटं पुन्हा चिकटू लागली की सुरुवात करा. समुद्री कोळंबी कच्ची, सोललेली, धुतलेली, मीठ-हळद न लावलेली हवी. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा बाहेर टाकलेला दिसला तर घास मोठा होता. पुढच्या वेळी निम्मा द्या. आधी माशांना खायला घाला, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर तिच्यात राहणारा क्लाउनफिश मासा तोंडातला घास पळवतो.

पंपाकडे दुर्लक्ष

नवा तुकडा एका जागी बसत नाही, चालत सुटतो. मूळ अ‍ॅनिमनी वर्षभर हलली नव्हती म्हणून हीही हलणार नाही, असं धरू नका. तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा वेव्हमेकरच्या जाळीच्या फटीतून सहज ओढला जातो. फाटल्याचं दिसताच प्रत्येक वेव्हमेकरच्या तोंडावर जाड फोमचं आवरण चढवा आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) दातांवर बारीक जाळी लावा. फोम दर दोन-तीन दिवसांनी टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर तो चोंदतो आणि प्रवाह मरतो.

कोल्हापुरात याला आणखी एक धोका जोडलेला आहे. वळवाच्या पावसात लाइट जाते, पंप थांबतो आणि फिरणारी अ‍ॅनिमनी नेमकी थांबलेल्या पंपावर चढून बसते. लाइट येते आणि तिचा चुरा होतो. एक लहान वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहतं. बाकीचे पंप बटणावरच बंद करा आणि लाइट आल्यावर नजर टाकूनच सुरू करा.

पाण्याची क्षारता (खारेपणा) डोळ्यांआड जाणं

उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला पंखा लावला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण पाणी भराभर उडतं आणि मीठ टाकीतच राहतं. २०० लिटर टाकीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ असेल तर एकूण ७ किलो झालं. आठवड्यात २० लिटर उडालं आणि भरलं नाही, तर उरलेल्या १८० लिटरमध्ये लिटरला जवळपास ३९ ग्रॅम पडतात. एवढ्या चढ-उताराने धडधाकट अ‍ॅनिमनीही आकसते, जखमी तर सावरतच नाही. उडालेलं पाणी रोज भरा आणि ते आरओचंच भरा. तिथे मिठाचं पाणी ओतलं की क्षारता चढतच जाते.

घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी ८ ते ९ dKH, नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि अमोनिया-नायट्राइट शून्य असावं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) लिटरला ३५ ग्रॅम क्षारतेच्या तयार द्रावणावर तपासून घ्या. घनता दाखवणाऱ्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटले की आकडा खोटा, जास्त दिसतो.

नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतं. घरातल्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी तर अजिबात नको. माणसाला ते चालतं, अ‍ॅनिमनीला तांबं विष आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणणारे आहेत, पण पावसाळ्यात किनाऱ्याजवळ नद्यांचं गोडं पाणी मिसळतं. मोजल्याशिवाय ते टाकीत जाऊ नये.

क्लाउनफिशला मोकळं सोडणं

जोडी मोठी आणि तुकडा लहान असेल तर माशांची घासाघीस त्याला उघडूच देत नाही. छिद्रांची प्लास्टिकची टोपली तुकड्यावर पालथी घाला, दोन आठवडे राहू द्या. पाणी आणि उजेड आत गेला पाहिजे. दोन्ही तुकडे शेजारी बसले तर वेगळे करू नका. ते एकमेकांना डसत नाहीत. प्रवाळ मात्र पंधरा सेंटिमीटर तरी लांब ठेवा.

उजेड वाढवू नका. जखम भरेपर्यंत ती सावलीत जाते, नंतर आपोआप बाहेर येते.

का फाटली, हे न विचारणं

भरपेट खाऊन मोठी झालेली अ‍ॅनिमनी फाटते, तशीच त्रासलेलीही फाटते. मागच्या पंधरा दिवसांत मोठं पाणी बदललं का, नवा एलईडी लावला का, पंखा सुरू केला का, हे आठवा. दोन महिन्यांत दोन-तीनदा फाटत असेल आणि प्रत्येक तुकडा आधीपेक्षा लहान, फिका दिसत असेल, तर ते सुख नव्हे. तिथे खाणं वाढवून उपयोग नाही, आधी क्षारता आणि तापमानाची रोजची नोंद ठेवा.

घाईने दुसऱ्याला देणं

सहा आठवडे थांबा. ती नियमित खाते, तोंड मधोमध आलंय आणि सगळीकडे बोटं आहेत, तेव्हाच द्या. पाय ओढून काढायचा नाही. दगडासकट देता आली तर उत्तम, काचेवर असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाने कड हळूहळू उचला. पाय फाटला तर ती मरू शकते. देण्याआधी दोन-तीन दिवस उपाशी ठेवा आणि दुहेरी पिशवीत टाकीचंच पाणी भरून न्या. नवीन टाकीत क्षारता जुळेपर्यंत तासभर थेंब-थेंब पाणी सोडा, पिशवीतलं पाणी मात्र आत ओतू नका.