मोटरहोममध्ये ‘डिझेलमध्ये पाणी’चा दिवा लागला तर: पाणी काढा, मोजा, मूळ शोधा

चावी ऑन केल्यावर फिल्टरचं चित्र आणि त्याखाली थेंब असलेला पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझत असेल, तर ती त्या दिव्याची स्वतःची तपासणी असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजिन चालू झाल्यावरही तो विझला नाही, किंवा घाटात चढ-उतारावर अधूनमधून लागू लागला, तर डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचलं आहे असं समजा.

हे पाणी काढायला, मधला थांबण्याचा वेळ धरून, तास-सव्वा तास पुरतो. पण बहुतेक जण ते जमिनीवर सोडून देतात, दिवा विझला की गाडी काढतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच दिवा बघतात. पाणी बाटलीत धरा आणि मोजा. किती मिलिलिटर निघालं यावरून ते कुठून आलं याचा अंदाज येतो, आणि नुसता फिल्टर बदलायचा की सगळी टाकी उतरवायची हे त्यावरच ठरतं.

दिवा नेमकं काय सांगतो

आपल्याकडच्या डिझेलची घनता 15 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 810 ते 845 ग्रॅम असते, पाण्याची 1000. त्यामुळे सेपरेटरच्या (फिल्टरच्या पाणी वेगळं करणाऱ्या भागाच्या) वाटीत पाणी खाली बसतं आणि डिझेल वर राहतं. वाटीच्या तळाशी धातूच्या दोन टोकांचा सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जवळपास जातच नाही, पाण्यातून जाते. पाणी त्या टोकांपर्यंत चढलं की दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा फिल्टरने पाणी अजून अडवून धरलेलं असतं. वाटी भरली की मात्र ते पुढे हाय प्रेशर पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या आजच्या इंजिनात) तिथला दाब 1600 बार आणि त्याहूनही वर जातो, आणि सरकत्या भागांमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची असते. या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी शिरलं की धातूवर धातू घासतो, गंज धरतो, आणि पंप-इंजेक्टरचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो.

दिवा लागला आहे पण इंजिन नेहमीसारखं चालतंय, तर वेग कमी ठेवून जवळच्या सपाट, सुरक्षित जागेपर्यंत जा आणि तिथे पाणी काढा. दिव्याबरोबर पिकअप गेला, इंजिन मिसिंग करू लागलं, पांढरा धूर आला किंवा खडखड वाढली, तर तिथेच इंजिन बंद करा. पाणी पुढे गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशा वेळी ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा निर्णय महागात पडतो.

आधी हे आठवा: आत्ताच काही भरलंय का?

मोटरहोमला एक धोका असतो जो साध्या गाडीला नसतो. गाडीच्या अंगावर तीन-तीन तोंडं असतात: डिझेलचं, बीएस-6 गाडीत असेल तर डीईएफचं (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा द्रव; त्याचं झाकण निळं असतं), आणि राहण्याच्या भागातल्या पाण्याच्या टाकीचं. अंधारात, मुक्कामी पोहोचल्यावर, पाण्याचा पाइप डिझेलच्या तोंडात जाणं अगदी शक्य आहे. पंपावर डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं जाणंही. डीईएफमध्ये 32.5 टक्के युरिया आणि बाकी पाणीच असतं, ते डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी जातं आणि सेन्सरला पाणी म्हणूनच दिसतं.

असं झाल्याची नुसती शंका असली तरी चावी ऑनसुद्धा करू नका. पुष्कळ गाड्यांत चावी ऑन होताच फीड पंप (टाकीतून इंजिनाकडे डिझेल पाठवणारा पंप) चालू होतो आणि टाकीतलं पाणी लाइनमध्ये ढकलतो. गाडी टो करून न्यायची आणि टाकी रिकामी करून घ्यायची; खाली दिलेली कृती अशा वेळी उपयोगाची नाही. निघालेलं पाणी साधं आहे की डीईएफ हे ओळखायचं असेल तर त्याचे दोन थेंब स्टीलच्या चमच्यात घेऊन उन्हात वाळवा. डीईएफ असेल तर पांढरे खडे मागे राहतात. पिण्याच्या टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात ‘पाणी’ असं रंगवून घेणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

पाणी काढण्याची कृती

लागणारं सामान: अर्धा लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक काचेची बाटली, हातभर प्लास्टिकची नळी, डिझेल चालणारे नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, फडकी, खाली ठेवायला पसरट ट्रे. नवा फिल्टर आणि त्याच्या ओ-रिंग गाडीत असाव्यातच.

1. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. आतला गॅस, शेगडी, जनरेटर बंद करा. इंजिन गार होऊ द्या. अर्धा तास उभी राहिली की ढवळलेलं पाणी खाली बसतं, आणि तेवढी वाट बघणं पुढच्या कामाला फार उपयोगी पडतं.

2. फिल्टर शोधा. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या मोटरहोममध्ये तो बॉनेटखाली किंवा चॅसिसच्या लांब पट्टीवर असतो. अमेरिकेत चालणाऱ्या बऱ्याच मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये इंजिन मागे असतं, तिथे मागचं झाकण उघडावं लागतं. काही गाड्यांना दोन फिल्टर असतात, तेव्हा सेन्सरची वायर ज्याला गेली आहे तो आधी बघा. आजूबाजूची माती पुसून घ्या, नाहीतर ती वाटीत जाते.

3. तळाच्या ड्रेन नॉबला नळी लावा, दुसरं टोक बाटलीत सोडा. नॉब हाताने घड्याळाच्या उलट दिशेला एक-दोन वेढे सैल करा. पूर्ण काढू नका. आणि पक्कड लावू नका: नॉब प्लास्टिकचा असतो, तुटला तर गाडी तिथेच अडकते.

4. काहीच आलं नाही तर घाण अडकली असेल असं लगेच धरू नका. फिल्टर फीड पंपाच्या आधी असेल तर लाइनमध्ये ओढ असते आणि वरून हवा मिळाल्याशिवाय खालून पाणी पडत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू थोडा सैल करा किंवा हँड प्राइमर (फिल्टरजवळचा हाताने दाबायचा छोटा पंप) चार-पाच वेळा दाबा. धार सुरू होते.

5. बाटलीत शुद्ध डिझेल दिसू लागेपर्यंत येऊ द्या, मग नॉब बंद करा. हातानेच घट्ट करायचा.

6. बाटली पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरा. पाणी आणि डिझेलमध्ये स्पष्ट रेघ दिसते. इथे हमखास एक फसगत होते: सगळी बाटली पाण्याचीच असेल तर रेघ दिसतच नाही आणि माणूस ‘सगळं डिझेलच आहे’ म्हणून समाधान मानतो. खात्रीसाठी खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका. तो पाण्यात पसरतो, डिझेलमध्ये गोळी होऊन तळाला जातो. रेघेपर्यंतचं पाणी मोजून तारखेसह आणि किलोमीटरसह लिहून ठेवा.

7. लाइनमध्ये शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढा. हँड प्राइमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि एअर स्क्रूतून बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर चावी ऑन करून 20-30 सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा. मग सेल मारा, पण एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये दोन मिनिटं थांबा. नाहीतर स्टार्टर जळतो आणि बॅटरी उतरते. चालू इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपचे नट सैल करून एअर काढण्याची जुन्या गाड्यांची पद्धत कॉमन रेलला कधीही वापरू नका. तिथली धार कातडी भेदून आत जाते.

8. इंजिन दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा, ड्रेन नॉबखाली कोरडं फडकं धरून गळती बघा. दिवा काही गाड्यांत लगेच विझतो, काहींत चावी बंद-ऑन केल्यावर.

आता आकड्याकडे बघा

टाकीत दव धरतं आणि त्याचं पाणी होतं, हे कारण सर्रास सांगितलं जातं. ते खरं आहे, पण त्याची मर्यादा लहान आहे. 30 अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम वाफ असते. टाकीत 40 लिटर जागा रिकामी असेल तर तिथे वाफ सव्वा ग्रॅमच्या आसपास. रात्री पारा 22 वर उतरला तरी त्यातून अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी होत नाही. पावसाळ्याचे चार महिने रोज असंच झालं आणि रोज टाकीतली सगळी हवा बदलली असं धरलं, तरी बेरीज 50-60 मिलिलिटर. प्रत्यक्षात हवा तेवढी बदलत नाही, त्यामुळे पाणी याहून बरंच कमी.

शिवाय डिझेलमध्ये थोडं पाणी असतंच. मानकाप्रमाणे किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे 60 लिटरच्या टाकीमागे जास्तीत जास्त 10 ग्रॅम. वर्षभर नॉबला हात लावला नसेल तर शंभरेक मिलिलिटर निघणं त्यामुळे चिंतेचं नाही. मात्र महिन्यापूर्वी पाणी काढलं होतं आणि आज 150 निघालं, तर ते दव नव्हे. ते कुणीतरी ओतलेलं किंवा कुठूनतरी शिरलेलं आहे.

डिझेल भरल्यावर काही किलोमीटरांतच दिवा लागला, तर पहिला संशय पंपावर घ्या. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाक्यांत पाणी झिरपू शकतं. बिल जपून ठेवा, काढलेला नमुना बाटलीत बंद करून तारीख घाला आणि पंपावर जाऊन डिप रॉडला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून टाकीचा तळ समोर तपासायला सांगा; पाणी असेल तिथे पेस्टचा रंग बदलतो. घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो वापरावा, पण तळाला बसलेलं पाणी त्या तपासणीत सापडतंच असं नाही. टँकर खाली होत असताना त्या पंपावर डिझेल भरू नये; तळाचा गाळ आणि पाणी तेव्हाच ढवळलं जातं.

पंप निर्दोष असेल तर टाकीचं झाकण बघा. रबर चिरलेलं असेल तर पाऊस आणि प्रेशर वॉशिंगचं पाणी तिथूनच जातं. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर टाकीचा ब्रीदर पाइप (टाकीत हवा जाण्या-येण्याची नळी) तपासा: गरम टाकी अचानक गार झाली की ती हवा ओढते, आणि पाइपचं तोंड बुडालेलं असेल तर हवेऐवजी पाणी. शेतावर उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपातलं डिझेलही असंच बिघडतं. वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं आणि बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. पिंप आडवं किंवा तिरकं ठेवावं.

पाणी काढल्यावर पन्नासेक किलोमीटरमध्ये दिवा पुन्हा लागला, तर पाणी टाकीच्या तळाशीच आहे. तिला तळाला ड्रेन बोल्ट असेल तर रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी, हलवण्याआधी, पहिलं दोन-तीन लिटर काढा. बोल्ट नसेल तर टाकी उतरवणं हाच खरा मार्ग. डिझेलवर चालणारा हीटर किंवा जनरेटर त्याच टाकीतून ओढत असेल तर त्याचा फिल्टरही साफ करा, ही गोष्ट मेकॅनिककडून राहून जाते. निघालेल्या पाण्यात काळपट, बुळबुळीत लगदा दिसला तर टाकीत बुरशी आणि जंतू वाढले आहेत. ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जगतात. टाकी धुऊन बायोसाइड (बुरशी-जंतू मारणारं औषध) वापरल्याशिवाय दर थोड्या दिवसांनी फिल्टर चोंदत राहील.

पाणी एक थेंबही निघालं नाही आणि दिवा तसाच, तर सेन्सरचा प्लग काढा. पिनांवर हिरवट गंज किंवा ओल असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून वाळवा. सेन्सरच्या टोकांवर चिकट थर बसला असेल तर तोही असाच दिवा लावतो.

बाजारात ‘पाणी नाहीसं करणारी’ औषधं मिळतात. त्यातली अल्कोहोल किंवा इमल्सिफायर असलेली कॉमन रेलला अजिबात नकोत. ती पाण्याचे कण इतके बारीक करतात की सेपरेटर त्यांना अडवू शकत नाही, आणि जे पाणी वाटीत थांबलं असतं ते थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतं.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, पण तीन-चार लिटरची जागा सोडा, कारण उन्हात डिझेल फुगतं. दिवाळीच्या पहिल्या सहलीआधी दिवा लागण्याची वाट न बघता फिल्टरचं पाणी काढा. लडाख-स्पितीकडे निघणार असाल तर चढणीला लागण्याआधी पुन्हा एकदा. पारा शून्याखाली गेला की उरलेलं पाणी गोठून लाइन बंद करतं. एकदा भरपूर पाणी निघालं की फिल्टर बदलाच, भिजलेला कागद पुढच्या वेळी पाणी नीट अडवत नाही. टाकी साफ केल्यावर लावलेला नवा फिल्टरही काहीशे किलोमीटरनंतर उघडून बघा, उरलेली घाण त्याच टप्प्यात येते. आणि काढलेलं पाणी-डिझेल गटारात किंवा मातीत ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.