‘प्रिन्सेस मोनोनोके’ फ्रेम मोजत बघा: हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांसाठी

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये शिरायचं असेल तर दहा चित्रपट वरवर बघू नका, एकच पिंजून काढा. आमच्या मते तो हायाओ मियाझाकींचा १९९७ सालचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ असावा. जंगलाचा देव, बोलणारे लांडगे, शापित रानडुक्कर असं सगळं त्यात आहे, तरी तो लहान मुलांचा चित्रपट नाही. बाणाने माणसांचे हात तुटतात. लोखंड गाळणाऱ्या वस्तीची प्रमुख एबोशी जंगल तोडते, आणि तीच कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना आणि कुष्ठरोग्यांना काम आणि आसरा देते. खलनायक म्हणून कुणाकडे बोट दाखवता येत नाही. अशा पात्रांचा अभिनय ढोबळ हावभावांनी पेलत नाही. नवशिक्यांची गाडी अडते ती इथेच, कारण त्यांना सगळं सतत हलवत ठेवायची सवय असते.

सुरुवात नदीकाठच्या दृश्यापासून करा. पलीकडच्या काठावर लांडग्यांत वाढलेली मुलगी सान मोरो या लांडगीच्या जखमेला तोंड लावून रक्त चोखते, थुंकते आणि कथेचा नायक अशिताकाकडे वळून बघते. तोंड रक्ताने माखलेलं, ते ती हाताने पुसते. आवाज बंद करून हा तुकडा पाच वेळा बघा. दरवेळी एकच गोष्ट टिपायची: आधी डोळे, मग खांदे, मग हात, मग लांडगीची मान, आणि शेवटी काय हलत नाही ते. पाचव्या फेरीला बहुतेकांच्या लक्षात येतं की दरारा हालचालीत नसून नजर रोखून थांबण्यात आहे.

मोजायची पद्धत सोपी आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क लावून ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. कागदावर उभे रकाने आखा: फ्रेमचा क्रमांक, पात्र, दुसरं पात्र, पार्श्वभूमी, कॅमेरा. चित्र बदललं की त्या रकान्यात नवा आकडा लिहा, बदललं नाही तर उभी रेघ ओढा. हीच तुमची एक्स-शीट. एक चित्र दोन फ्रेम टिकलं तर ते ‘ऑन टूज’, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन फ्रेम टिकलं तर ‘ऑन थ्रीज’, म्हणजे ८. एकाच शॉटमध्ये डोकं थ्रीजवर आणि केस टूजवर असू शकतात, म्हणून प्रत्येक थराला वेगळा रकाना हवाच. कॅमेरा पॅन होत असेल, म्हणजे दृश्यावरून आडवा फिरत असेल, तर पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकते आणि पात्र दोन फ्रेमला एकदा बदलतं. तिथे मोजणी हमखास चुकते, त्यामुळे पहिल्या महिन्यात स्थिर कॅमेऱ्याचेच शॉट घ्या. स्वतः पॅन करायची वेळ आली की हीच विसंगती थरथर होऊन पडद्यावर दिसते. उपाय म्हणजे तेवढा भाग ‘ऑन वन्स’, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, काढणं.

या चित्रपटासाठी सुमारे १ लाख ४४ हजार सेल, म्हणजे चित्र रंगवलेले पारदर्शक पत्रे, वापरले गेले, हा आकडा सगळीकडे सापडतो. १३४ मिनिटांच्या फ्रेम होतात सुमारे १ लाख ९३ हजार. म्हणून ‘एका फ्रेमला पाऊण चित्र’ असा भागाकार करू नका. एका फ्रेममध्ये तीन-चार सेल एकावर एक असतात आणि एकच सेल कित्येक फ्रेम टिकतो. मेहनत कुठे ओतली आणि कुठे राखून ठेवली, हे एक्स-शीटशिवाय कळत नाही.

पहिला सराव कोदामांवरून घ्या. जंगलातले ते पांढरे इवलेसे जीव मान कलती करून डोकं खुळखुळ्यासारखं हलवतात. आकार साधा आहे, त्यामुळे सगळं लक्ष टायमिंगवर देता येतं. जीव मात्र स्वतःच्या कल्पनेतला काढा, दुसऱ्याचं पात्र पोर्टफोलिओत चालत नाही. चार सेकंद घ्या, म्हणजे ९६ फ्रेम. १६ फ्रेम स्थिर. मग ४ फ्रेम मान किंचित उलट दिशेला, ६ फ्रेममध्ये कलती, १२ फ्रेम खुळखुळाट, ८ फ्रेममध्ये स्थिरावणं आणि उरलेल्या ५० फ्रेम थांबा. खुळखुळाटाला दोनच चित्रं लागतात, ती वन्सवर आलटून पालटून ठेवायची. बाकी हालचाल टूजवर. शेवटच्या थांब्याला स्थिरावण्यातलं शेवटचं चित्रच चालतं. १, २, ३, २ आणि ४ मिळून होतात १२ चित्रं. चार सेकंदांना एवढी पुरतात, यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.

हे बिघडतं दोन ठिकाणी. खुळखुळाट यंत्रातल्या बिघाडासारखा वाटला तर मानेचा तळ सरकतोय असं समजा. धड वेगळ्या थरावर ठेवा आणि डोकं एकाच बिंदूभोवती फिरवा. दुसरं म्हणजे ५० फ्रेमचा थांबा मेल्यासारखा दिसतो. तिथे एक उघडझाप घाला: पापणी मिटायला २ फ्रेम, मिटलेली २, उघडायला ४. एवढ्याने जीव येतो.

कागदावर करणाऱ्यांनी महागडा पेगबार, म्हणजे कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी, नसला म्हणून अडून राहू नये. ७५ जीएसएमचा साधा ए-४ कागद, फायलींचं दोन भोकांचं पंच आणि एका पट्टीवर ८० मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या ६ मिलिमीटर जाडीच्या दोन खुंट्या, एवढ्यावर काम होतं. खाली एलईडी ट्रेसिंग पॅड. भोकं सैल झाली की चित्र अर्धा मिलिमीटर हलतं आणि पडद्यावर सगळं पात्र थरथरतं, म्हणून भोकांवर चिकटकड्या लावा.

यानंतर चार पायांचं जनावर. इथे घाई करू नका, निदान सहा आठवडे द्या. संथ चालीत पाय पडतात ते या क्रमाने: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडक्या चालीत तिरप्या जोड्या एकत्र उचलल्या जातात. गल्लीतलं कुत्रं मोबाइलवर १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिपा आणि दर पाचवी फ्रेम घ्या, म्हणजे बरोबर २४ मिळतात. बाह्यरेषा गिरवू नका. फक्त पाठीचा कणा, खांद्याची फरी, कमरेचं हाड आणि पंजे यांचे ठिपके लावा. बहुतेकांचा लांडगा टेबलासारखा चालतो, कारण त्यांनी फरी हलवलेलीच नसते. पंजावर भार येतो तेव्हा त्या बाजूची फरी वर सरकते आणि डोकं त्याच लयीत खाली-वर होतं. मोरोसारखी अवाढव्य लांडगी हवी असेल तर नुसता आकार वाढवून भागत नाही. कुत्र्याचं एक पूर्ण चक्र १६ फ्रेमचं असेल तर तिला ३२ द्या, पंजा टेकल्यावर शरीर २-३ फ्रेम खाली दबू द्या आणि मानेवरचे केस ३-४ फ्रेम उशिरा पोचू द्या. वजन त्या उशिरात असतं.

पार्श्वभूमीसाठी मियाझाकींची मंडळी याकुशिमा बेटावरच्या जंगलात गेली होती. तुम्हीही फोटोवर विसंबू नका. महाराष्ट्रात राहत असाल तर सह्याद्रीतल्या देवराईत जा. देवाचं रान म्हणून कुऱ्हाड न लागलेली जुनी झाडं, मुळांवरचं शेवाळ आणि पानांतून गाळून येणारा उजेड तिथे समोर असतो. पोस्टर कलर, ३०० जीएसएम कागद, आधी गडद थर, वर उजळ. बाटलीतला हिरवा तसाच लावला की जंगल प्लॅस्टिकचं होतं. त्यात थोडा लाल किंवा तपकिरी मिसळा.

संगणकाचं थोडक्यात. या चित्रपटाचा काही भाग संगणकावर रंगवला गेला, तो टूंझ या सॉफ्टवेअरवर. त्याचंच मोफत रूप ‘ओपनटूंझ’ २०१६ पासून मिळतं. शिकायला किचकट आहे. निव्वळ चित्रं काढून तपासायला क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

पदवीच्या वाटेने जायचं तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत डॅट परीक्षेतून आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड परीक्षेतून प्रवेश होतो. दोन्हीकडे सफाईपेक्षा निरीक्षण जास्त बघतात, म्हणून रोजची स्केचबुकं जपून ठेवा. शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, ६० ते ९० सेकंदांचं ठेवा, सर्वांत चांगला शॉट पहिला, आणि गटात केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता ते पडद्यावरच लिहा.

हाताने काढण्याच्या कामात नवख्याला बहुधा क्लीनअप (कच्च्या रेषा साफ करणं) किंवा इनबिटवीन (मधली चित्रं काढणं) मिळतं, आणि चाचणीही त्याचीच होते. दोन कीज, म्हणजे हालचालीची मुख्य चित्रं, देतात, समजा १ आणि ९, आणि कडेला मधली चित्रं कुठे पडतात ते दाखवणारा चार्ट. आकडे विषमच, कारण काम टूजवर आहे. आधी ५ काढा, मग १ आणि ५ मधला ३, मग ५ आणि ९ मधला ७. ओळीने ३, ५, ७ काढत गेलात तर चेहरा हळूहळू फुगतो. हात कमानीत फिरत असेल तर मधलं चित्र सरळ रेषेच्या मध्यावर ठेवू नका, नाहीतर हात आखूड होतो. कमानीची रेघ आधी निळ्या पेन्सिलीने आखून घ्या. पाच कागद बोटांत धरून उलटसुलट फिरवा. नाक किंवा कोपर उडी मारताना दिसलं की तेवढंच खोडा, अख्खं चित्र नाही. देण्याआधी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्रमांक लिहा: कीजभोवती गोल, ५ खाली रेघ, बाकीचे नुसते.