निधी संकलनासाठीच्या लांब पल्ल्याच्या सामूहिक सायकल मोहिमेची तयारी कशी करावी

एखाद्या चांगल्या कामासाठी निधी उभा करायचा म्हणून दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवणारे बहुतेक जण खेळाडू नसतात. नोकरी आणि घर सांभाळून सरावाला वेळ काढणारी ती माणसे असतात. १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांसह कर्करोगावरील कामासाठी सुरू केलेली ‘पॅन-मास चॅलेंज’ ही अशा मोहिमांच्या जुन्या उदाहरणांपैकी एक आहे. अशा मोहिमेत पहिला कोण आला याला काहीच महत्त्व नसते. सगळे जण धडधाकट मुक्कामी पोचले आणि देणगीदारांना दिलेला शब्द पाळला गेला, की मोहीम फत्ते झाली. त्यामुळे तयारी करताना वेगापेक्षा भरवसा मोठा मानावा. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला आपल्या चाकावर विसंबता आले पाहिजे आणि देणगी देणाऱ्याला आपल्या हिशेबावर.

नाव नोंदवण्यापूर्वी

हाताशी किमान १२ आठवडे असतील अशीच मोहीम निवडावी. मार्गाची माहिती घेताना केवळ किलोमीटर पाहू नयेत, एकूण चढ किती मीटरचा आहे तेही विचारावे. सपाट रस्त्यावरचे १०० किलोमीटर आणि १,५०० मीटर चढ असलेले १०० किलोमीटर यांत वेळेचा आणि दमाचा इतका फरक पडतो, की दुसऱ्याची तयारी पहिल्याच्या अंदाजाने करणाऱ्याची वाटेतच दमछाक होते. रोजचा टप्पा कोणत्या वेळेच्या आत संपवायचा आहे, थांब्यांमधले अंतर किती आहे, सामान कोण नेणार आहे, सोबत मदतीची गाडी आणि प्रथमोपचार आहेत का, आणि पुढे जाणे अशक्य झाल्यास त्या गाडीत बसण्याची सोय आहे का, हे आयोजकांना स्पष्टपणे विचारावे. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, तसेच बऱ्याच वर्षांत व्यायाम न केलेल्यांनी, सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सायकल अंगाला बसवणे

नवी महाग सायकल घेण्याची गरज नसते. आहे ती सायकल आपल्या मापाला बसवून घेणे मात्र टाळू नये, कारण तासाभरात न जाणवणारी चूक सहा तासांनी गुडघ्यात बोलू लागते. सीटची उंची तपासण्याची साधी रीत अशी: भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पेडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच टेकवावी. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. नंतर नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला, की गुडघ्यात थोडासा बाक उरतो आणि तोच योग्य असतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर ती वर असते. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करावा आणि दोन-तीन फेऱ्या करून पाहिल्यावरच पुढचा करावा. तळहात बधिर होणे हे हँडलवर फार भार पडत असल्याचे लक्षण आहे. त्यासाठी हँडलची उंची आणि अंतर तपासावे आणि चालवताना हातांची जागा सारखी बदलत राहावी.

डांबरी रस्त्यासाठी खोल खाचांचे रुंद टायर काढून २८ ते ३५ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर आपल्या सायकलला बसत असतील तर बसवावेत, कष्ट पुष्कळ वाचतात. चढासाठी पुरेसा हलका गिअर आहे का, हे एखाद्या खऱ्या चढावर जाऊन पाहावे. गादीची सायकल शॉर्ट घ्यावी आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याची शिवण घासूनच जखमा होतात. हेल्मेटबाबत कोणतीही तडजोड करू नये.

बारा आठवड्यांचा सराव

आठवड्यात तीन फेऱ्या नियमाने झाल्या तरी पुरतात. एक लांब पल्ल्याची, एक मध्यम अंतराची पण चढाची किंवा जोर लावण्याची, आणि एक सावकाश केलेली. लांब फेरीचे अंतर दर आठवड्याला साधारण १० टक्क्यांनी वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे, कारण शरीर विश्रांतीच्या काळातच घडत असते. मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी, सर्वांत मोठ्या टप्प्याच्या तीन-चतुर्थांश इतके अंतर एका दिवसात पार करता आले, तर उरलेले अंतर सोबतीच्या बळावर पार पडते.

मोहीम अनेक दिवसांची असेल, तर लागोपाठ दोन दिवस सायकल चालवण्याचा सराव अत्यावश्यक समजावा. पहिल्या दिवशी उत्साह सगळे झाकून नेतो. आदल्या दिवशी जेवण कमी पडले, शॉर्ट ओलीच घातली किंवा पहिला तास जोरात काढला, तर त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताक्षणी मिळतो, आणि हे मोहिमेच्या आधी कळलेले बरे.

वेग किती असावा, यासाठी यंत्राची गरज नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतकाच जोर लांब फेरीत लावावा. जड गिअर ओढत राहण्यापेक्षा हलका गिअर घेऊन मिनिटाला ८० ते ९० फेरे पेडल फिरवणे गुडघ्यांना मानवते. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे. या दिवसांत राहिलेला सराव भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि ते थकलेल्या पायांनी प्रारंभस्थळी उभे राहतात.

घोळक्यात सायकल चालवणे

एकट्याने कितीही सराव केला, तरी हा भाग त्यातून येत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून इतरांसोबत फेऱ्या कराव्यात. पुढच्या सायकलच्या मागे राहिल्यास वाऱ्याचा रोध कमी होतो आणि तासाला ३० ते ४० किलोमीटरच्या वेगात मागच्याचे श्रम साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने वाचतात. समोरून वारा असताना हा आधार फारच मोठा ठरतो. पण तो मिळतो जवळ राहिल्याने, आणि जवळ राहण्यात धोका आहे. नवशिक्याने पुढच्या चाकापासून निदान एका सायकलच्या लांबीइतके अंतर ठेवावे आणि हात बसल्यावरच ते कमी करावे.

आपले पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नये. पुढचा किंचित जरी सरकला तरी चाकाला चाक घासते, आणि पडतो तो मागचा. त्याच्यामागून येणारेही त्याच्यावर आदळतात. नजर पुढच्या टायरवर खिळवू नये, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहावा. ब्रेक एकदम दाबू नये. वेग थोडा कमी करायचा असल्यास पेडल मारणे थांबवावे किंवा अंग सरळ करून वारा घ्यावा. सीटवरून उठून पेडल मारायला लागताना सायकल क्षणभर मागे येते, हे अनेकांच्या गावीही नसते. म्हणून उठण्याआधी गिअर एक पायरी जड करावा आणि पायाचा जोर न सोडता उठावे.

खड्डा, खडी, उभे वाहन किंवा वळण दिसल्यास हाताने खूण करावी आणि मोठ्याने सांगावे, आणि ती सूचना ऐकणाऱ्या प्रत्येकाने मागे पोचवावी. खुणा कोणत्या वापरायच्या, हे निघण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवावे. पुढे राहण्याची पाळी दोन-तीन मिनिटांची असावी. पाळी संपली की मागे वाहन नाही हे पाहून बाजूला सरकावे, वेग थोडा उतरवावा आणि रांगेच्या शेवटी जावे. नव्याने पुढे आलेल्याने मात्र वेग वाढवू नये. आपण पुढे आलो म्हणून ताकद दाखवण्याची ही सवय रांगा मोडते, आणि तिला वेळीच आवर घालणे हे गटप्रमुखाचे काम आहे. कानात इअरफोन घालून घोळक्यात येणाऱ्यालाही गटप्रमुखाने थांबवावे.

चढावर रांग धरण्याचा आग्रह नसावा. प्रत्येकाने आपल्या गतीने चढावे आणि माथ्यावर, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, थांबावे. इथे एक अन्याय नेहमी होतो. शेवटचा जण पोचला, की आधीच विसावलेले सगळे लगेच निघतात आणि ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. शेवटच्याला पाणी पिऊन श्वास खाली बसेपर्यंत वेळ द्यावा आणि त्यानेच ‘चला’ म्हणावे, हा नियम मोहिमेआधीच सर्वांना सांगून ठेवावा.

खाणे आणि पाणी

भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो. सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासातच खाण्यास प्रारंभ करावा आणि दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते, उकाड्यात अधिक. घामातून मीठ जाते, त्यामुळे तासन्‌तास केवळ साधे पाणी अति पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून प्रकृती गंभीर होऊ शकते; मिठाचा अंश असलेले पेय किंवा खाणे सोबत असावे. मोहिमेत जे खायचे ते लांब फेऱ्यांमध्ये आधी खाऊन पाहावे, कारण सायकलवर प्रत्येकाला सगळे पचते असे नाही.

पंक्चर स्वतः काढता येणे

मदतीची गाडी सोबत असली, तरी ती नेमकी आपल्याजवळ असेल असे नाही. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, पंक्चरचे ठिगळ आणि षटकोनी पान्ह्यांचा संच प्रत्येकाजवळ असावा, आणि हे काम घरी निवांत दोनदा करून पाहिलेले असावे.

मागचे चाक असेल तर चेन आधी सर्वांत लहान चकतीवर आणून मग चाक काढावे. उरलेली हवा सोडावी, लिव्हरने टायरची एक बाजू रिमबाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. घाईत लगेच नवी ट्यूब घालणाऱ्याचे चाक दहा मिनिटांत पुन्हा बसते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधावे, व्हॉल्व्हशी व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब टायरवर धरावी आणि भोकासमोरची जागा आतून बोटांनी हलकेच चाचपावी. अगदी बारीक तारेचा तुकडाही असा सापडतो. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोके दिसली, तर काटा शोधत बसू नये. हवा कमी असल्याने खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेलेली असते. नव्या ट्यूबला गोलाई येण्यापुरती हवा भरून ती आत बसवावी आणि टायरची शेवटची कड लिव्हरने न चढवता अंगठ्यांनीच चढवावी. पूर्ण हवा भरण्यापूर्वी चाक फिरवून दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे दबलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.

निधी संकलन

हे काम सरावानंतर सुरू करायचे नसते. नाव नोंदवले त्याच दिवशी ते सुरू करावे. पहिली देणगी आपली स्वतःची असावी, म्हणजे दुसऱ्याकडे मागताना शब्दाला वजन येते. त्यानंतर जवळच्या दहा-पंधरा माणसांशी एकेकाशी बोलावे किंवा त्यांच्या नावाने संदेश लिहावा. सर्वांना एकच मजकूर पाठवला तर तो वाचला न वाचल्यासारखा होतो. निधी कोणत्या संस्थेला जाणार, त्यातून काय केले जाणार, आपले लक्ष्य किती आहे आणि मोहीम कधी आहे, हे चार-पाच वाक्यांत यावे. अधूनमधून सरावाची प्रगती कळवावी, म्हणजे दुसऱ्यांदा आठवण करून देताना संकोच वाटत नाही. नकार आला तर पुन्हा विचारू नये.

पैसे शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेकडूनच मिळावी. कोणी रोख रक्कम दिलीच, तर त्याच दिवशी नाव आणि रक्कम लिहून ठेवावी आणि ती लगेच भरावी. आपला प्रवास, मुक्काम आणि सायकलचा खर्च देणग्यांमधून भागवला जाणार आहे की आपल्या खिशातून, हे मागण्याआधीच सांगावे. कर्करोगासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून दिलेला पैसा वाटेतल्या मुक्कामावर खर्च झाल्याचे नंतर कळले, तर देणारा पुढच्या कोणत्याही मोहिमेला हात आखडता घेतो.

शेवटचा आठवडा आणि प्रत्यक्ष मोहीम

सायकलची दुरुस्ती आठवडाभर आधी करून घ्यावी आणि नंतर तीसेक किलोमीटर ती चालवून पाहावी. आदल्या रात्री केलेल्या दुरुस्तीतील दोष वाटेतच कळतात. ब्रेकचे पॅड, चेन आणि टायरवरील चिरा विशेष पाहाव्यात. नवे बूट, नवे सीट किंवा नवे कपडे या आठवड्यात वापरायला काढू नयेत. पुढचा आणि मागचा दिवा, ओळखपत्र, रोजची औषधे आणि आपत्काळी संपर्काचा क्रमांक सोबत असावा.

पहिला तास आपल्याला हवा त्यापेक्षा सावकाश काढावा. अनेक दिवसांच्या मोहिमेत मुक्कामी पोचताच शॉर्ट बदलून अंग स्वच्छ करावे, अर्ध्या तासाच्या आत काही खावे आणि झोपण्याआधी चेन पुसून तेल द्यावे. घासल्याची लाली दिसताच त्याच संध्याकाळी मलम लावावे. गुडघ्यात तीव्र कळ येत असेल, चक्कर येत असेल किंवा उकाड्यात घाम येणे थांबून गोंधळल्यासारखे वाटत असेल, तर तत्काळ थांबून मदत मागावी. उरलेले अंतर गाडीने कापल्याने कोणाची देणगी परत जात नाही.

मोहीम संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला एकूण जमा रक्कम, ती संस्थेकडे पोचल्याची तारीख आणि संस्थेची पोच कळवावी. मोहीम पूर्ण झाल्याची बातमी ऐकून काही जण नंतरही पैसे देतात, त्यामुळे देणगीचा मार्ग आणखी दोन-तीन आठवडे खुला ठेवावा आणि त्या रकमेचा हिशेबही याच रीतीने पाठवावा.